मोठ्या घराला चोरीचा अलार्म : सेन्सर सगळ्यात शेवटी मोजा

तुमचा प्रश्न वाचला. आधी मला काय समजलंय ते सांगतो, म्हणजे पुढचं सगळं कशाच्या आधारावर बोलतोय ते कळेल. कराडच्या बाजूला गावाबाहेर मळ्यात घर, खालीवर मिळून साडेचार हजार फूट. पुढचा भाग जुना, सोपा-माजघर, जाड भिंती आणि वर कौलं. मागे नवीन दोन मजली आरसीसी बांधकाम, त्याचं प्लास्टर अजून व्हायचंय. आईवडील तिथे राहतात, तुम्ही पुण्यात. एकाने वायरलेसचे सोळा मोशन सेन्सर कोट केलेत, दुसरा म्हणतो आठ कॅमेरे लावा अलार्म कशाला, आणि तुम्ही विचारताय वायर्ड घ्यावं का वायरलेस आणि सेन्सर नक्की किती.

खरं सांगू का, हा प्रश्न तिसऱ्या नंबरचा आहे. पहिला प्रश्न असा की रात्री दोन वाजता हूटर वाजला तर तुमच्या घरी कोण येणार आणि किती मिनिटांत? गावठाणात घर असतं तर दोन मिनिटांत चार माणसं काठ्या घेऊन बाहेर आली असती. मळ्यात तसं नाही, शेजारची वस्ती दोन-तीनशे मीटरवर, मधे उभा ऊस, लोकांच्या खिडक्या बंद आणि फॅन फुल स्पीडला, तिथे तुमचा हूटर कितीही मोठा असला तरी ऐकू जाईलच असं नाही. ११२ ला फोन केला की पोलीस येतात, पण त्या वेळी गस्तीची गाडी कुठे आहे त्यावर सगळं. मी तरी अशा घराला वीस मिनिटं धरून चालतो.

दुसरा प्रश्न, चोराला शिरून, कपाट फोडून, बाहेर पडायला किती वेळ लागतो? पेपरात दर वेळी 'कडीकोयंडा उचकटून आत प्रवेश केला' असंच छापून येतं ते उगाच नाही. चार स्क्रूवर बसवलेला कोयंडा कटावणीने मिनिटभरही टिकत नाही. पत्र्याचं कपाट त्याहून थोडं जास्त. अंथरूण-पांघरूण विस्कटून, डबे उलटेपालटे करून सगळं धरलं तरी दहा मिनिटांत माणूस उसात दिसेनासा होतो.

आता ही दोन्ही उत्तरं शेजारी ठेवा. मदत वीस मिनिटांत आणि काम दहा मिनिटांत. सोळा मोशन सेन्सर घरात लावले तर ते चोर आत आल्यावरच वाजणार, म्हणजे त्याने दार ऑलरेडी फोडलेलं असणार, मग उरलेल्या सात-आठ मिनिटांत तुम्हाला पुण्यात मोबाईलवर नोटिफिकेशन येईल आणि तुम्ही नुसतं बघत बसाल. म्हणून माझं सगळं प्लॅनिंग एकाच गोष्टीभोवती असतं : अलार्म दाराला हात लागतानाच वाजला पाहिजे, आणि त्यानंतर चोराला आत जायला जास्तीत जास्त वेळ लागला पाहिजे. पहिली अर्धी गोष्ट अलार्मवाल्याची, दुसरी अर्धी सुताराची आणि फॅब्रिकेटरची. अलार्मवाला तुम्हाला दुसरी सांगणार नाही, कारण त्यात त्याला काही मिळत नाही.

तर सुताराचं आधी. परसदाराला बाहेरून कोयंडा आणि कुलूप ही पद्धत बंद करा, बाहेर लटकणारं कुलूप म्हणजे घरात कोणी नाही ही पाटीच. दारात बसणारं लॉक घ्या, आतून वर-खाली टॉवर बोल्ट, चौकट सागाची असेल तर उत्तम, आणि स्क्रू चौकटीतून भिंतीपर्यंत जातील एवढे लांब. खालच्या खिडक्यांचं ग्रिल बाहेरून स्क्रूने बसवलेलं असेल तर ते वेल्ड करून घ्या किंवा स्क्रूची डोकी घासून टाका. गच्चीचं दार बहुतेक घरांत सगळ्यात हलकं असतं, पीव्हीसीचं किंवा पत्र्याचं, आणि शेजारी पाण्याच्या टाकीची शिडी कायमची लावलेली. ते लोखंडी करा, शिडी आत ठेवा. सोनं घरात ठेवू नका. बँक भरपाई देत नाही म्हणून लॉकर नको असं बरेच जण म्हणतात, पण १ जानेवारी २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने लॉकरमधून चोरी किंवा दरोड्यात गेलं तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत आहे. शंभर पट म्हणजे तुमच्या सगळ्या दागिन्यांची किंमत होईलच असं नाही, तरी मळ्यातल्या कपाटापेक्षा बरंच बरं.

आता अलार्म. तुमच्या घरात दोन वेगळ्या परिस्थिती आहेत आणि कोट देणाऱ्या दोघांनीही त्या वेगळ्या केलेल्या दिसत नाहीत. एक, घर पूर्ण बंद, आईवडील लग्नाला किंवा तुमच्याकडे. दुसरी, म्हातारी माणसं आत झोपलेली. चोरी बहुतेक वेळा पहिल्या परिस्थितीत होते, पण वाईट प्रसंग ओढवतो तो दुसऱ्यात. आत माणसं असताना सगळे मोशन सेन्सर चालू ठेवता येत नाहीत, वडील रात्री दोनदा बाथरूमला उठणार. म्हणजे त्या रात्री तुमच्या सोळापैकी बहुतेक सेन्सर बंदच असणार! त्या वेळी कामाचे फक्त दारं-खिडक्यांवरचे आणि बाहेरचे. म्हणून दारं-खिडक्यांवर जास्त पैसे, आत कमी.

दारांना मॅग्नेट लावायचे हे सगळ्यांना माहीत आहे. पण मॅग्नेट दार उघडल्यावर वाजतो, म्हणजे फोडून झाल्यावर. त्यामुळे परसदार, गच्चीचं दार आणि मागच्या बाजूच्या ग्रिलवर धक्क्याचा सेन्सर पण लावा, व्हायब्रेशन किंवा शॉक सेन्सर म्हणतात त्याला. कटावणी लागली की तो दार तुटायच्या आधी वाजतो. त्याची सेन्सिटिव्हिटी नीट सेट करायला लागते, नाहीतर ऊस वाहतुकीचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन गेला तरी वाजेल, सीझनमध्ये तर रात्रभर. लावणाऱ्याला सांगा की स्वतः दारावर बुक्की मारून बघ, मग कटावणी घालून बघ, पहिल्याला वाजू नये दुसऱ्याला वाजावा.

मागच्या पडवीला बीम सेन्सर लावता येईल, दोन खांबांमध्ये न दिसणारा इन्फ्रारेडचा पट्टा असतो, माणूस मधून गेला की तुटतो. निदान दोन किरणांचा घ्या, दोन्ही एकदम तुटले तरच वाजणारा, म्हणजे पक्षी-पाखराने वाजत नाही. पण पूर्ण कंपाऊंडभर बीम लावायच्या फंदात पडू नका. मळ्यात कुत्री, मांजरं, वाढलेलं गवत, पावसाळ्यात वेली, डिसेंबरात पहाटेचं दाट धुकं, रोज वाजेल आणि महिन्याभरात वडील तो बंद करून टाकतील. पडवी छताखाली असते, तिथे तो नीट चालतो.

मोशन सेन्सर आत लागतातच, पण सापळ्यासारखे, चोर कुठूनही शिरला तरी त्याला जिथून जावंच लागेल तिथे. नवीन भागात जिन्याखालचा पॅसेज, वर बेडरूमकडे जाणारी बोळ, आणि जुन्या भागात माजघर. माजघर का, तर कौलं काढून उतरणाऱ्याला दार-खिडकी काही लागतच नाही. प्रत्येक खोलीत एक हा हिशोब विकणाऱ्याच्या सोयीचा आहे.

या सेन्सरबद्दल थोडं खोलात सांगतो कारण खोटे अलार्म इथूनच येतात. साधा पीआयआर सेन्सर माणूस बघत नाही, तो उष्णतेतला फरक बघतो. माणसाच्या अंगाची उष्णता आणि मागच्या भिंतीची उष्णता यात फरक असेल तर त्याला हालचाल कळते. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये बंद घरात, त्यात कौलाखाली किंवा वरच्या मजल्यावर स्लॅब तापलेला असताना, खोली पस्तीसच्या वर जाते आणि तो फरक फारच कमी होतो, सेन्सर अक्षरशः आंधळा व्हायला लागतो. चांगल्या सेन्सरमध्ये तापमानानुसार सेन्सिटिव्हिटी आपोआप वाढवायची सोय असते, ती आहे का विचारा. शक्य असेल तिथे ड्युअल टेक्नॉलॉजीचा घ्या, पीआयआर आणि मायक्रोवेव्ह एकत्र, दोन्हींना हालचाल कळली तरच वाजणारा. फक्त मायक्रोवेव्ह प्लायवुड आणि काचेतून पलीकडचं पण बघतो आणि फिरता पंखा पण त्याला दिसतो, म्हणून त्याची रेंज खोलीपुरती कमी करून घ्यायची. जाता जाता, पीआयआरला काचेतून दिसत नाही, त्यामुळे खिडकीबाहेरचा माणूस आतल्या सेन्सरने पकडला जाईल असं कोणी सांगत असेल तर त्याला हा धंदा माहीत नाही.

बसवायची उंची साधारण सात-साडेसात फूट, कोपऱ्यात, आणि असा की माणूस सेन्सरच्या समोरून आडवा जाईल. सरळ सेन्सरकडे चालत येणारा माणूस त्याला उशिरा कळतो. समोर पश्चिमेची खिडकी नको, देवघरातली समई नको, फ्रिजची मागची बाजू नको, फॅनने हलणारा पडदा नको. आणि पाल! ट्यूबलाइटजवळ सेन्सर लावला की किडे येतात, किड्यांमागे पाल येते, पाल लेन्सवरून गेली की सेन्सरला वाटतं हत्ती गेला. सेन्सरच्या मागचं वायरचं भोक सिलिकॉनने बंद करा, नाहीतर मुंग्या आत घर करतात. धान्याची पोती असलेल्या खोलीत तर पीआयआर लावूच नका, तिथे उंदीर असणारच, त्या खोलीच्या दाराला मॅग्नेट पुरे. लाकडी दारं पावसाळ्यात फुगतात आणि उन्हाळ्यात आकसतात, तेव्हा मॅग्नेटच्या दोन तुकड्यांमधलं अंतर बसवतानाच कमी ठेवा आणि जास्त गॅप चालणारा मॅग्नेट घ्या, नाहीतर जूनमध्ये दार पूर्ण लागत नाही आणि पॅनल, म्हणजे सगळे सेन्सर जोडलेला अलार्मचा मुख्य डबा, म्हणतं दार उघडं आहे.

आता तुमचा मूळ प्रश्न, वायर्ड का वायरलेस. तुमच्या घराला दोन्ही. नवीन भागाचं प्लास्टर व्हायचंय म्हणजे पाइप टाकायची हीच वेळ, तिथे वायर्ड. वायर्डला सेन्सरची बॅटरी बदलायची कटकट नाही आणि कुठला सेन्सर मेला तर मीटर लावून शोधता येतं, कराडचा कुठलाही बरा इलेक्ट्रिशियन शोधेल. जुन्या भागात भिंती फोडून पाइप घालणं म्हणजे दगडमातीची भिंत सैल करणं, तिथे वायरलेस. पण त्या दीड-दोन फुटी भिंतींतून सिग्नल जाईलच असं समजू नका, भिंतीला भोक पाडायच्या आधी सेन्सर नुसता हातात धरून दारं बंद करून टेस्ट करायला लावा. दोन्ही चालणारं हायब्रिड पॅनल मिळतं, तेच मागा. ऑनलाइन मिळणारे स्वस्त ४३३ मेगाहर्ट्झवाले किट घेऊ नका, त्यातल्या बऱ्याच सेन्सरचं बोलणं एकतर्फी असतं, म्हणजे सेन्सरची बॅटरी संपली किंवा कोणी तो काढून नेला तरी पॅनलला पत्ता नसतो. दोन्ही बाजूंनी बोलणारा आणि ठरावीक वेळाने 'मी आहे' असं कळवणारा सेन्सर पाहिजे.

वायर्डमध्ये दोन गोष्टी स्वतः डोळ्यांनी बघा. एक, झोनच्या, म्हणजे पॅनलपासून सेन्सरपर्यंतच्या लाइनच्या, टोकाचा रेझिस्टर सेन्सरच्या आत बसवलाय का पॅनलच्या डब्यात. नियम आहे सेन्सरच्या टोकाला, म्हणूनच त्याला एंड ऑफ लाइन म्हणतात. पॅनलमध्ये बसवला की मधे वायर शॉर्ट केली तरी पॅनल सगळं आलबेल समजतं. पण पॅनलमध्ये बसवणं सोपं म्हणून बरेच जण तेच करतात. दुसरी गोष्ट हूटरची वायर. सेन्सरला लागते ती बारीक अलार्म केबल, ०.२२ चौरस मिमीची, सेन्सरला पुरते कारण तो दहा-पंधरा मिलीअँपिअर घेतो. हूटर एक अँपिअरच्या आसपास ओढत असेल आणि चाळीस मीटर लांब असेल तर त्या केबलमध्ये बारा व्होल्टपैकी निम्म्याच्या आसपास वाटेतच संपतात आणि हूटर नुसता कण्हतो. त्याला एक चौरस मिमीची वायर टाका.

लाइटचं तुम्हाला मी काय सांगायचं. पॅनलबरोबर १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी येते. आठ सेन्सर, दोन कीपॅड, पॅनल आणि सिमचा भाग मिळून चारशे मिलीअँपिअर धरलं तर कागदावर सतरा तास, खऱ्यात दहा-बारा, आणि दोन उन्हाळे काढलेली बॅटरी असेल तर त्याच्या निम्मे. वादळात डीपी गेला की गावाबाहेर दोन दिवस लाइट नसते हे तुम्हालाही माहीत आहे. पॅनल इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या, आतली बॅटरी दोन-अडीच वर्षांनी न विचारता बदला, तारीख मार्करने तिच्यावरच लिहून ठेवा. आणि वळवाच्या पावसातली वीज हा अलार्मचा चोरापेक्षा मोठा शत्रू आहे. गेटपर्यंत किंवा गोठ्यापर्यंत उघड्यावरून किंवा जमिनीतून गेलेली तांब्याची वायर थेट पॅनलला जोडली की जवळपास कुठे वीज पडली तरी बोर्ड जळतो. गेटचा आणि गोठ्याचा सेन्सर वायरलेस ठेवा, पॅनलला स्वतंत्र नीट अर्थिंग आणि सप्लायला सर्ज प्रोटेक्टर, यात काटकसर नको.

अलार्म बाहेर कळवणार कसा, तर सिम आणि इंटरनेट दोन्हींवरून. २जी वर चालणारं जुनं पॅनल असेल तर त्यात जिओचं सिम चालतच नाही, जिओकडे २जी नाही. ४जी चं पॅनल मागा. तुमच्या मळ्यात कुठल्या कंपनीची रेंज खरोखर येते ते घराच्या आत उभं राहून बघा, गच्चीवर नाही. आणि त्या सिमचा रिचार्ज कोण करणार ते ठरवा, पॅनलमधल्या सिमचा रिचार्ज संपलेला कोणाच्या लक्षातच येत नाही.

फोन कोणाला जावा? तुम्ही चौथे. पहिला शेजारच्या वस्तीवरचा माणूस, दुसरा गावात राहणारा चुलतभाऊ किंवा मित्र, तिसरा वडील. या लोकांशी आधी बोलून ठेवा, रेकॉर्ड केलेला आवाज ऐकून लोक कंपनीचा फोन समजून कट करतात, नंबर सेव्ह करून द्या. गावात ग्रामसुरक्षा यंत्रणा चालू असेल, म्हणजे एका फोनवरून सगळ्या गावाला कॉल जातो ती, तर वडिलांचं आणि शेजाऱ्यांचं नाव त्यात घाला, मळ्यासाठी त्याच्याइतकं उपयोगाचं काही नाही. ११२ ला पॅनलने आपोआप फोन लावायचा नाही, माणसाने खात्री करून लावायचा.

खात्रीसाठी कॅमेरे, म्हणून दुसऱ्या माणसाचं अगदीच चूक नाही. पण आठ कशाला, परसदार, पुढचं अंगण, गच्ची, गेटचा रस्ता, चार पुरे. डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा, टीव्हीखाली ठेवू नका, चोर जाताना तो काढून नेतात हे आता नेहमीचं झालंय. माळ्यावर बंद कपाटात ठेवा आणि एका तरी कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग बाहेर क्लाउडवर जाऊ द्या. पण कॅमेरा रात्री आईला उठवणार नाही, ते काम अलार्मचंच.

आणि आईवडील. बसवलेला अलार्म उपयोगी न पडायचं मी पाहिलेलं सगळ्यात कॉमन कारण म्हणजे तो लावलेलाच नव्हता. त्यांना सहा बटणं दाबायला लागली तर चार दिवसांत कंटाळा येईल. रात्री अकराला 'घरात माणसं आहेत' हा मोड आपोआप लागू द्या, आधी मिनिटभर बीप. आई पहाटे पाचला परसदार उघडते ना, मग दुसरा कीपॅड स्वयंपाकघरात त्या दाराशेजारी, आणि त्या दाराच्या मॅग्नेटला तीस सेकंदांचा डिले, पण तिथल्या शॉक सेन्सरला डिले अजिबात नाही. पलंगाजवळ एक पॅनिक बटण, चोवीस तास चालू असणारं. त्यांना एवढंच सांगून ठेवा की वाजलं तर दार उघडून बघायला जायचं नाही, आतून कडी लावून बटण दाबायचं आणि फोन करायचा. हूटर वाजताना अंगणातले दिवे लागतील अशी रिले जोडून घ्या. हूटर पाच मिनिटांत बंद होऊ दे, रात्रभर वाजत राहिला की शेजारी पुढच्या वेळी उठत नाहीत.

एवढं सगळं झाल्यावर आकडा. तुम्ही सांगितलेल्या घराला माझ्या अंदाजाने सहा-सात मॅग्नेट, चार-पाच शॉक, चार मोशन, पडवीला एक बीम, दोन कीपॅड, एक पॅनिक, आत एक हूटर आणि बाहेर उंचावर एक. घर न बघता सांगतोय, तेव्हा खिडक्यांच्या हिशोबात दोन-चार इकडेतिकडे होतील. घरात मोठा कुत्रा मोकळा असेल तर मोशनचं गणित सगळंच बदलतं, ते कळवा.

प्लास्टर कधी धरताय ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण त्याच्या आधी एवढं करून घ्या : पॅनलची जागा नवीन भागाच्या मधल्या स्टोअरमध्ये धरा, पुढच्या दारातून दिसेल अशी नको. तिथून प्रत्येक दाराच्या वरच्या कोपऱ्याला, जिन्याच्या आणि वरच्या पॅसेजच्या कोपऱ्याला, दोन्ही कीपॅडना आणि बाहेरच्या हूटरला वेगळा पाऊण इंची पाइप, लाइटच्या पाइपमधून नाही आणि त्याला चिकटूनही नाही. प्रत्येक पाइपमध्ये ओढतार सोडायला सांगा. जुन्या भागाकडे दोन पाइप जास्तीचे टाका, तोंडं टेपने बंद करा, आणि प्लास्टर चढायच्या आधी प्रत्येक भिंतीचा फूटपट्टी धरून फोटो काढून ठेवा.